संसर्ग आणि शील

रोगांच्या इतिहासांत असे कांहीं रोग आढळतात कीं, त्यांची चिकित्सा वैद्य करतो, परंतु त्यांचा न्यायनिवाडा मात्र सगळें घर करीत बसतें. देवीनें किंवा पटकीनें लक्षावधि माणसें नेलीं; पण देवीच्या फोडांनीं तळमळणाऱ्या मुलाला ‘हें तूं कोठून आणलेंस?’ असें दरडावून कोणी विचारलें नाहीं. उलट, ज्या रोगाचा संबंध स्त्रीपुरुषांच्या एकांताशीं आहे त्याचें नांव निघतांच ‘हा बरा कसा होईल?’ हा प्रश्न मागें पडतो आणि ‘हा आणला कोणीं?’ हा प्रश्न पुढें येतो. प्रश्न विचारणारा बहुधा पुरुष असतो, आणि उत्तर द्यावें लागतें तें बहुधा स्त्रीला.

ज्या विषाणूचा इतिहास येथें सांगावयाचा आहे त्याला शास्त्रज्ञ ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतात, एच.पी.व्ही. या आद्याक्षरांनीं तो आतां वर्तमानपत्रांतूनहि वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या दोनशेंहून अधिक जाती ज्ञात आहेत. कांहीं जाती हातापायांवर साध्या चामखिळी उठवितात, कांहीं गुह्यभागीं चामखिळी उत्पन्न करतात, आणि सुमारें डझनभर जाती अशा आहेत कीं, त्या वर्षानुवर्षें निमूटपणें राहून स्त्रीच्या गर्भाशयमुखाला कर्करोग उत्पन्न करूं शकतात. २०२२ सालीं साऱ्या जगांत या कर्करोगाच्या सुमारें ६,६०,००० नव्या रोगिणी आढळल्या आणि सुमारें ३,५०,००० स्त्रिया त्यानें मृत्यु पावल्या. हा विषाणु एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे कसा जातो, हें नीट कळावयास विद्येला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. या विलंबाचें एक कारण विषाणूची सूक्ष्मता हें खरेंच. परंतु दुसरें कारण असें कीं, तपास करणाऱ्यांच्या मनांत आरोपी पुष्कळदां आधींच ठरलेला होता.

या विषाणूचें दृश्य रूप फार जुनें आहे. गुह्यभागीं येणाऱ्या चामखिळींना प्राचीन रोमन लोक ‘अंजीर’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत होऊन गेलेल्या मार्शल नांवाच्या उपरोधिक कवीनें तर बायको, नवरा, लेक, जांवई, नातू, आणि शेवटीं घरचा कारभारी व नांगऱ्या अशा सबंध कुटुंबकबिल्याची या अंजिरांवरून थट्टा केली आहे. ही बाधा घरांतल्या घरांत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ही गोष्ट त्या विनोदानें सहज गृहीत धरली होती. वैद्यांना मात्र ती पटावयास पुढें अनेक शतकें जावीं लागलीं. गुह्यभागींच्या चामखिळी म्हणजे परम्याच्या स्रावाचा परिणाम किंवा अस्वच्छतेमुळें झालेला दाह, असें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक डॉक्टर मानीत. १९०७ सालीं इटालियन डॉक्टर चूफो यानें चामखिळींचा अर्क, जंतूहि अडकून पडतील अशा बारीक गाळणींतून गाळून स्वतःच्या हातावर टोंचला. कांहीं महिन्यांनीं तेथें चामखिळी उठल्या. तेव्हां या रोगाचें बीज जंतूंहूनहि लहान आहे एवढें सिद्ध झालें.

तें बीज पतिपत्नींमध्यें कसें जातें याचा पुरावा एका युद्धानें पुरविला. कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकीं चोवीस जणांच्या बायकांना, पति घरीं आल्यावर थोड्याच आठवड्यांत गुह्यभागीं चामखिळी उठल्या. तपास केला तेव्हां त्या सर्वांच्या पतींना परदेशीं असतांना तसल्याच चामखिळी झाल्याचें निष्पन्न झालें. तीन डॉक्टरांनीं १९५४ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली आणि हा रोग समागमांतून पसरतो असें स्पष्ट लिहिलें. त्या चोवीस स्त्रिया आपापल्या घरीं वाट पाहात राहिल्या होत्या. रोग त्यांच्याकडे चालत आला होता. एवढा उघड पुरावा हातीं असतांहि पुढील वीस-पंचवीस वर्षें शास्त्रज्ञांची नजर स्त्रीवरच खिळून राहिली, हें या इतिहासांतलें मोठें नवल आहे.

तें असें कां झालें हें समजण्यासाठीं चामखिळींची हकीकत येथेंच थांबवून आपणांस कर्करोगाच्या हकीकतीकडे वळलें पाहिजे. ती सुरू होते उत्तर इटलींतील वेरोना शहरांत. रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यानें त्या शहरांतील १७६० पासून १८३९ पर्यंतच्या ऐंशीं वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १८४२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोगानें मेलेल्या स्त्रियांची त्यानें विवाहित, विधवा, अविवाहित आणि मठवासी जोगिणी अशी वर्गवारी लावली व वयाचाहि विचार केला. गर्भाशयाचा कर्करोग विवाहितांत व विधवांत अधिक, अविवाहितांत आणि जोगिणींत कमी, असें त्याला आढळलें. स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण मात्र जोगिणींतच अधिक होतें. ही दुसरी गोष्ट रामाझिनी या त्याच्याच देशबांधवानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नोंदून ठेविली होती. आज आपणांस ठाऊक आहे कीं, बाळंतपणें न झालेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा संभव वाढतो.

वेरोनाच्या या नोंदींचा पुढें जो उपयोग झाला तो मोठा उद्बोधक आहे. अनेक लेखकांनीं जोगिणींचा अर्धाच दाखला उचलला आणि त्यांतून ब्रह्मचर्याचें फळ व संसाराचा दंड असा बोध काढला. दाखल्याचा दुसरा अर्धा भाग लक्षांत घेतला असता तर तो बोध तेथेंच कोसळला असता. कारण ज्या ब्रह्मचर्यानें जोगिणीला एका कर्करोगापासून वांचविलें त्याच ब्रह्मचर्यानें तिला दुसऱ्या कर्करोगाच्या स्वाधीन केलें होतें. देहाला शीलाची परिभाषा कळत नाहीं. वेरोनाच्या आकड्यांनीं एवढेंच सांगितलें होतें कीं, एका रोगाचा संबंध समागमाशीं आहे; तो समागम धर्म्य कीं अधर्म्य, हें त्या आकड्यांनीं विचारलेंहि नव्हतें. मेलेल्या विवाहित स्त्रियांपैकीं बहुतेकींनीं आयुष्यांत एकच पुरुष पाहिला असण्याचा संभव होता. क्वेबेकमधील डॉक्टर गॅग्नों यांनीं १९५० सालीं हजारों जोगिणींच्या नोंदी तपासून वेरोनाच्या निष्कर्षाला पुष्टि दिली, पण कारण म्हणून त्यांनींहि गर्भाशयमुखाच्या जुनाट दाहाकडेच बोट दाखविलें.

या सुमारास मुंबईंतहि हा प्रश्न अभ्यासिला जात होता. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं एकाच शहरांत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांतील कर्करोगांची तुलना केली. गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदु स्त्रियांत अधिक, मुसलमान व पारशी स्त्रियांत कमी. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, असें चित्र दिसलें. ज्यू स्त्रियांत हा रोग विरळा असतो ही गोष्ट न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनीं पूर्वींच नमूद केली होती, आणि ज्यू व मुसलमान पुरुषांची सुंता होते यावरून सुंतेचा व स्वच्छतेचा संबंध लावला जात होता. पण पारशी पुरुषांची सुंता होत नाहीं, मग पारशी स्त्रिया कशा वांचल्या? विवाहाचें वय, शिक्षण, आर्थिक स्थिति, बाळंतपणांची संख्या, अशीं अनेक सूत्रें एकमेकांत गुंतलीं होतीं. सुंतेचा तर्क सर्वस्वीं खोटा नव्हता. सुंता झालेल्या पुरुषांत हा विषाणु कमी आढळतो, असें पुढें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दिसून आलें. परंतु १९५० च्या सुमारास जें कोडें होतें तें सोडविण्यास एक दुवा कमी होता, आणि तो दुवा शोधण्याऐवजीं पुढच्या पिढीच्या संशोधकांनीं प्रश्नावल्या छापल्या.

या प्रश्नावल्या स्त्रियांना विचारल्या जात. पहिला समागम कोणत्या वयीं? पुरुष किती? विवाह कितीदां? लहान वयांत समागम आणि अधिक पुरुषांशीं संबंध यांचा या कर्करोगाशीं मेळ बसतो, असें उत्तर आलें. आणि तें खोटें नव्हतें. मात्र ज्याच्याकडून रोग यावयाचा त्या पुरुषाला हाच प्रश्न क्वचितच विचारला गेला. यामुळें ‘स्वैर वर्तनाचा रोग’ असा शिक्का या कर्करोगावर बसला, आणि मरणाच्या दारीं असलेल्या स्त्रीला वेदनेबरोबर संशयहि सोसावा लागला.

हा शिक्का पुसण्याचें काम संख्याशास्त्रानेंच केलें. १९७४ सालीं व्हॅलरी बेरल या विदुषीनें दाखविलें कीं, इंग्लंडांतील ज्या पिढीच्या ऐन तारुण्यांत परम्याची सांथ जोरांत होती, त्याच पिढींतील स्त्रिया पुढें या कर्करोगानें अधिक मेल्या. अर्थात् हाहि संसर्गानें येणारा रोग असावा. १९८२ सालीं स्केग, डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याहून महत्त्वाचा विचार मांडला. समाज तीन प्रकारचे कल्पावे, असें ते म्हणाले: एक, जेथें स्त्री व पुरुष दोघेंहि एकनिष्ठ असतात, दुसरा, जेथें स्त्री एकनिष्ठ असते पण पुरुष विवाहापूर्वीं किंवा विवाहानंतर वेश्यागमन करतात, तिसरा, जेथें दोघांनाहि अनेक जोडीदार असतात. दुसऱ्या प्रकारच्या समाजांत हा कर्करोग पुष्कळ असूं शकतो, आणि तेथें स्त्रियांस कितीहि प्रश्न विचारले तरी कारण सांपडणार नाहीं. कारण तें त्यांच्या वर्तनांत नसतेंच. लॅटिन अमेरिकेंतील देशांना हें वर्णन तंतोतंत लागूं पडत होतें. आपल्याकडच्या कित्येक घरांनाहि तें लागूं पडतें, हें मान्य करण्यास धैर्य लागतें इतकेंच.

आतां दोन्ही हकीकती एकत्र येतात. संसर्ग आहे हें ठरलें, पण तो कशाचा? सत्तरच्या दशकांत बहुतेकांचा संशय नागिणीच्या कुळांतील हर्पीस विषाणूवर होता. हॅराल्ड झुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाला मात्र कर्करोगाच्या पेशींत हर्पीसचा मागमूस सांपडेना. अमेरिकेंत शोप यानें १९३३ सालीं सशांच्या चामखिळी विषाणूंमुळें होतात असें दाखविलें होतें, आणि त्या चामखिळींचें कर्करोगांत रूपांतर होऊं शकतें हेंहि पुढें सिद्ध झालें होतें. माणसाच्या चामखिळींचा विषाणूच येथें अपराधी असावा, असें झुर हाउसेन म्हणूं लागला, तेव्हां विद्वत्सभांत त्याचें फारसें स्वागत झालें नाहीं. १९८३ सालीं त्याच्या प्रयोगशाळेनें सोळाव्या क्रमांकाची आणि १९८४ सालीं अठराव्या क्रमांकाची जात कर्करोगाच्या गांठींतून वेगळी काढली. आज आपण जाणतों कीं, या दोनच जाती जगांतील गर्भाशयमुखाच्या सुमारें सत्तर टक्के कर्करोगांना कारण आहेत. त्याच १९८४ सालीं प्राग येथें दहा हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि हर्पीसवरचा आरोप फोल ठरला. झुर हाउसेनला २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या शोधाला एक करुण किनार आहे. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं हेन्रिएटा लॅक्स ही एकतीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री या कर्करोगानें मृत्यु पावली. तिच्या गांठींतील पेशी तिला न विचारतां काढून घेण्यांत आल्या होत्या. त्या ‘हेला’ या नांवानें जगभर प्रयोगशाळांतून वाढविल्या गेल्या. झुर हाउसेनच्या मंडळींनीं त्या पेशी तपासल्या तेव्हां त्यांतहि अठराव्या क्रमांकाचा विषाणु निघाला. ती गेल्यावर तेहतीस वर्षांनीं तिच्या मरणाचें कारण असें उघड झालें. हेन्रिएटा विवाहित होती, पांच मुलांची आई होती. तो विषाणु तिच्या देहांत केव्हां आला हें तेव्हां कोणाला सांगतां आलें नसतें, आणि आजहि सांगतां येणार नाहीं.

तें कां सांगतां येणार नाहीं, हें विषाणूची चाल पाहिली म्हणजे कळतें. तो रक्तावाटे पसरत नाहीं आणि तापहि आणीत नाहीं. समागमांत त्वचेला व अंतस्त्वचेला डोळ्यांस न दिसणारे ओरखडे पडतात. त्यांतून तो अगदीं तळच्या थरांतील पेशींपर्यंत पोंचतो. या पेशी जसजशा वर सरकतात तसतशी त्यांच्यांत विषाणूची प्रजा वाढते, आणि वरचा थर कोंड्यासारखा गळतो त्याबरोबर ती बाहेर पडते. पेशी फोडून बाहेर येण्याची त्याला गरज नसल्यामुळें देहाच्या रक्षकांस वर्दी मिळत नाहीं. तो वीर्यावर किंवा स्रावांवर अवलंबून नाहीं, त्वचेचा त्वचेशीं संपर्क त्याला पुरतो. म्हणूनच निरोधनाचा नित्य वापर केल्यास धोका पुष्कळ कमी होतो, पण सर्वस्वीं टळत नाहीं. अमेरिकेंत विद्यापीठीय विद्यार्थिनींची एक पाहणी झाली. ज्यांच्या आयुष्यांत तोंवर एकच पुरुष आला होता, अशांपैकीं सुमारें तीन-दशांश जणींना पहिल्या समागमापासून वर्षाच्या आंतच हा संसर्ग झालेला आढळला. हा विषाणु पुरुषाच्या अंगीं बहुधा कसलीहि खूण दाखवीत नाहीं. ज्याच्याकडून तो आला त्याला तो आपल्यापाशीं होता याचा पत्ताहि नसतो.

बहुतेक संसर्ग देह स्वतःच वर्षा-दोन वर्षांत दाबून टाकतो. थोडे टिकतात, आणि टिकलेल्यांपैकीं कांहींचें, उपचार न झाल्यास, साधारण पंधरा-वीस वर्षांनीं कर्करोगांत पर्यवसान होतें. कधीं कधीं दबलेला विषाणु अनेक वर्षांनीं पुन्हां चांचणींत दिसूं लागतो. यावरून दोन गोष्टी निघतात. आज चांचणींत विषाणु आढळला म्हणून तो काल आला असें म्हणतां येत नाहीं. आणि दोघांपैकीं कोणाकडून आला हेंहि म्हणतां येत नाहीं. प्रस्तुतच्या विषाणूचा अहवाल हा चारित्र्याचा दाखला होऊं शकत नाहीं, हें औदार्याचें मत नसून त्याच्या जीवनक्रमाचा साधा निष्कर्ष आहे. स्पेन व कोलंबिया या देशांत पतिपत्नी दोघांचीहि तपासणी झाली तेव्हां असें दिसलें कीं, जेथें विषाणु विरळ होता त्या स्पेनमध्यें पतीच्या वर्तनाचा पत्नीच्या धोक्याशीं स्पष्ट संबंध लागला. जेथें तो सर्वत्र पसरला होता त्या कोलंबियांत पतीच्या वर्तनानेंहि फारसा भेद उरला नाहीं.

आपल्या महाराष्ट्रानें या इतिहासांत मोलाची भर घातली आहे. तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर, ५२ गट पाडून, एक प्रयोग झाला. बार्शीचें कर्करोग रुग्णालय त्याचें केंद्र होतें. एका गटाची विषाणूची चांचणी झाली, दुसऱ्यांची इतर प्रकारें तपासणी झाली, आणि एका गटाला नेहमींचीच व्यवस्था राहिली. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यांत एकदांच केलेल्या विषाणुचांचणीनें या कर्करोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत साध्या शिरक्याच्या आम्लानें केलेल्या तपासणीनेंहि मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले. तपासणी न झालेल्या गटांतील स्त्रियांवर अन्याय झाला, अशी टीका या प्रयोगांवर झाली, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें उस्मानाबादचा एक आंकडा विशेष बोलका आहे. चांचणी झालेल्या त्या खेडवळ स्त्रियांपैकीं दर दहांत सुमारें एकीच्या ठिकाणीं विषाणु सांपडला. या स्त्रिया तीस ते एकुणसाठ वर्षांच्या, शेतींत राबणाऱ्या, संसारी बाया. दर दहा घरांमागें एका घरावर शंका घेण्याची कोणाची तयारी असेल तर त्यानें आधीं स्वतःच्या घराची पाळी मोजावी.

लशीची हकीकतहि अशीच शिकवण देणारी आहे. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें इयन फ्रेझर व जियान झोउ यांनीं १९९१ सालीं विषाणूचें आंतील बीज वगळून त्याचें नुसतें कवच प्रयोगशाळेंत बनविण्याची युक्ति शोधली. २००६ सालीं पहिली लस बाजारांत आली. झोउ त्यापूर्वींच, १९९९ सालीं, ऐन बेचाळिशींत वारला. भारतांत २०१० सालीं आंध्र व गुजरात येथील लसीकरणाच्या प्रकल्पांत कांहीं मुलींच्या मृत्यूंवरून मोठें वादळ उठलें. मृत्यु लशीमुळें झाले नाहींत असें चौकशींत ठरलें, परंतु पालकांची संमति घेण्याच्या पद्धतींत गंभीर दोष आढळले. त्या वादळांत दुसराहि एक प्रयोग मध्येंच थांबला, आणि हजारों मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजीं एकच मात्रा मिळाली. त्यांची प्रकृति पुढें अनेक वर्षें पाहिली असतां एका मात्रेनेंहि उत्तम संरक्षण मिळतें असें दिसून आलें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्याला या भारतीय मुलींच्या पुराव्याचा मोठा आधार होता. त्याच वर्षीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविलेल्या लशीला भारतांत मान्यता मिळाली.

लस आधींच झालेला संसर्ग घालवूं शकत नाहीं. म्हणून ती मुलींना नऊ ते चौदा वर्षांच्या वयांत देणें सर्वांत हितकर. येथें कांहीं पालकांच्या मनांत जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहतो: ‘आमच्या मुलीला तिची गरज काय?’ या प्रश्नाचें उत्तर कोरियाहून परतलेल्या सैनिकांच्या बायकांनीं देऊन ठेवलें आहे. मुलीचें शील निष्कलंक असलें तरी तिचा देह एकट्या तिच्याच वर्तनाच्या हवालीं नसतो. आणि विषाणु ज्या वाटेनें येतो ती वाट दुहेरी असल्यामुळें ऑस्ट्रेलियानें २०१३ पासून मुलांनाहि शाळेंतच ही लस देण्यास सुरुवात केली. पुरुषांनाहि या विषाणूपासून घशाचे, गुदद्वाराचे व जननेंद्रियाचे कर्करोग होतात, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. स्कॉटलंडमध्यें बाराव्या-तेराव्या वर्षीं लस घेतलेल्या पहिल्या पिढीची पाहणी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली; त्या मुलींपैकीं एकीलाहि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेला आढळला नाहीं.

वेरोनाच्या वैद्यानें मृतांच्या नोंदी उघडल्या तेव्हां त्यानें फक्त मोजदाद केली, आणि म्हणूनच त्याचें काम टिकलें. पुढच्यांनीं मोजण्यापूर्वीं न्याय दिला, म्हणून त्यांना सैनिकांच्या बायका दिसल्या तरी सैनिक दिसले नाहींत. आपल्या घरांतून आज हाच प्रसंग लहान प्रमाणावर येतो. तिशी उलटलेल्या स्त्रीनें तपासणी करून घ्यावी, असें डॉक्टर सांगतात. पण अहवालांत कांहीं निघालें तर घरांत काय उत्तर द्यावें, या भीतीनें कित्येकजणी ती टाळतात, आणि जो रोग वेळेवर कळला असता तर साध्या उपचारानें थोपवितां आला असता, तो उशिरां कळून प्राण घेतो. अशा वेळीं पतीनें ‘कोणाकडून?’ हा प्रश्न गिळून तिच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढावी. त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि प्रयोगशाळेपाशीं नाहीं. उपचार मात्र आहे.